खिडकीखालची जागा

पालकसभेत आमच्या हातात एकेक कागद दिला गेला. मुलांनी तो आदल्या दिवशी वर्गात भरलेला होता, आम्ही फक्त वाचून खाली सही करायची होती. झोप किती तास होते, जेवण वेळेवर होतं का, मोबाईल किती वेळ बघता, असे दहा-बारा साधे प्रश्न. सातवा प्रश्न होता, घरी अभ्यासाला जागा आहे का. त्याच्यापुढे माझ्या लेकीने, रोहिणीने, तिच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, नाही. मी कागद उलटा करून नाव पुन्हा बघितलं. नाव तिचंच होतं. माझ्या शेजारी नेकनूरकडची एक बाई बसली होती. मुलांच्या शाळेसाठी बीडमध्ये एक खोली करून राहते, ब्लाउज शिवते, एवढं तिने बसल्या बसल्या सांगितलं होतं. तिने आपला कागद माझ्यापुढे सरकवला. "आमच्यानं काय लिवलंय, वाचा बरं ताई." मी वाचून दाखवत सातव्या प्रश्नापाशी आले. तिच्या मुलाने लिहिलं होतं, आहे, आईच्या मशीनजवळ. बाई तोंडाला पदर लावून हसली. "मशीनच्या खडखडीत काय कळतंय त्याला, देवाला ठाऊक," म्हणाली, आणि अंगठा नको म्हणून तीन अक्षरांची सही सावकाश, जीभ दाताखाली धरून केली. मी माझी सही केली आणि कागद घडी न घालता परत दिला. वर्गाच्या बाईंनी माझ्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ग्रंथपाल आहे हे त्यांना माहीत होतं.

शाळेपासून घर चालत वीस मिनिटांवर आहे. रिक्षावाले थांबून बघत होते, मी मान हलवत होते. डोक्यात रोहिणीची अभ्यासाची खोली घेऊन मी चालत होते. चार फूट लांब, दोन फूट रुंद टेबल, उजेड डाव्या हाताने यावा म्हणून खिडकीला लागून. हलणाऱ्या मानेचा दिवा. भिंतीवर पांढरा फळा. तीन रंगांत केलेलं वेळापत्रक. मुलांच्या अभ्यासावर आमच्या ग्रंथालयात जी काही पुस्तकं आहेत ती सगळी मी घरी आणून वाचली होती, आणि वाचून वह्यांत टिपणं काढली होती. खुर्ची किती उंच हवी हे टेपने मोजलं होतं. गुडघे काटकोनात, तळवे जमिनीवर टेकलेले, पाठ ताठ. रोज संध्याकाळी मी दारात उभी राहून बघत असे, आणि रोज ती खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन, हनुवटी गुडघ्यावर ठेवून बसलेली असे. मी म्हणत असे, पाय खाली. ती पाय खाली सोडत असे. मी स्वयंपाकघरात जाऊन परत येईपर्यंत पाय पुन्हा वर. चाचणीत गणितात चाळीसपैकी एकोणीस आले तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार तिच्या बसण्याचाच आला होता. एखाद्या गोष्टीचं कारण मोजता येण्यासारखं असलं की मला बरं वाटतं.

ती खोली आधी अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर दोन वर्षं ते गावी माझ्या भावाकडे राहिले, मग गुडघे गेले आणि दवाखान्याची ये-जा वाढली, तेव्हा मी त्यांना आणलं. लेकीच्या घरी राहायचं याचा त्यांना सुरुवातीला संकोच होता. पहिले काही दिवस ते चहा प्याले की कप स्वतः विसळून ठेवायचे, पाहुण्यासारखे. मग सैलावले. खिडकीखाली त्यांची बाज टाकली होती. बसस्टँडकडे जाणारा रस्ता तिथून दिसतो, आणि कुठली गाडी कुठे चालली हे पाटी न वाचता ते ओळखायचे. ही मांजरसुंब्याची, ही केजची, ही आज उशिरा सुटली. रोहिणी शाळेतून आली की दप्तर टाकून बाजेच्या पायथ्याशी बसायची आणि तिथेच गृहपाठ करायची. अण्णा मध्येच काहीतरी विचारायचे, ती वर न बघता उत्तर द्यायची. मी कामावरून येऊन हे बघत असे आणि मनात म्हणत असे, हिला एक नीट टेबल हवं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ते गेले. दुपारची वेळ होती. रोहिणी क्लासला, माझा नवरा भागवत कोर्टात, मी ग्रंथालयात. शेजारच्यांनी फोन केला. भागवत कोर्टातून आधी पोहोचला आणि मी आले तेव्हा तो बाजेजवळ खाली बसला होता, हातात अण्णांचा चष्मा धरून, तो कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखा. गावी नेऊन सगळं भावाने केलं. पण माझी आत्या तुळजाबाई, रोहिणीची नानीआत्या, हटून बसली की जीव जिथे गेला तिथेच दिवा लागला पाहिजे. लेकीच्या घरी गेला म्हणून दोन बायका कुजबुजल्या त्यांना ती तोडून म्हणाली, "कुटं का जाईना, जागा ती जागा." म्हणून ती आमच्याबरोबर बीडला आली. बाज उचलून तिने खिडकीखालच्या फरशीवर ज्वारीचं पीठ चाळून पसरलं, हाताने सारखं केलं, त्यावर दिवा ठेवला आणि वर वेताची पाटी पालथी घातली. आमच्याकडे असं करतात. सकाळी पाटी उचलून पिठावर कशाचं पाऊल उमटलंय ते बघतात. गेलेला माणूस पुढे कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे. त्या सकाळी आत्या, शेजारच्या दोघी, मी आणि रोहिणी वाकून बघत होतो. आत्या म्हणाली, "पाखरू हाय. बघ ना बाई, तीन बोटं. लई हलका गेला माझा भाऊ." मला काही दिसलं नाही. पाटीच्या काठाची एक रेघ असावी. पण आत्याचा चेहरा इतका निवळला होता की मीही हो म्हणाले. मग मीच ते पीठ सुपलीत भरलं, फरशी एकदा साध्या पाण्याने आणि दोनदा फिनेल घालून पुसली. तेराव्यानंतर पंधरा दिवसांत बंकट सुतार टेबलाचं माप घ्यायला आला. सगळेजण मला म्हणत होते, तू किती लवकर सावरलीस.

रस्त्यात, कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून चालताना, मला एकाएकी उसाचा वास आल्यासारखा झाला. तिथे रसवंतीही नव्हती. मी सहावीत होते त्या वर्षीचा वास होता तो. दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं व्हायचं. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, लहान मुलं भरून माणसं ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायची. आई-अण्णाही जायचे. मला आत्याकडे ठेवायचे, शाळा बुडू नये म्हणून. चाळीस मुलांच्या वर्गात सतराच उरायची. गुरुजी आम्हाला पांगवून बसवायचे, एकेका बाकावर एकेक. त्या वर्षी माझ्या बाकावरची मुलगीही आईबापाबरोबर गेली होती. मी लांबरुंद बाकाच्या मधोमध बसायचे, दोन्हीकडे हात पसरले तरी कुणाला लागायचे नाहीत. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची आणि आत काही जायचं नाही. शेवटी मी गावात आलेल्या ऊसतोडीच्या मुकादमाबरोबर निरोप धाडला की मला शाळा नको, मी तिकडे येते. चौथ्या दिवशी दुपारी अण्णा वर्गाच्या दारात उभे. तीन गाड्या बदलून आले होते. धोतराला उसाची चिकटी, हातांवर पाचटाने ओढलेल्या रेघा. मला आनंद व्हायला हवा होता, पण मुलं त्यांच्या पायांकडे बघत होती आणि मला लाज वाटली.

त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. मार्क किती, धडा कुठला, यातलं काहीच विचारलं नाही. त्यांना ते कधी विचारताच येत नसे, ते शाळेत गेले नव्हते. ते म्हणाले, "जेवतीस का?" मी मान हलवली. "बाजूला कोण बसतं तुज्या?" मी म्हणाले, कुणी नाही. ते चप्पल काढून आत गेले. गुरुजींना वाटलं दाखला न्यायला आलेत. अण्णा म्हणाले, "हिला कुणाच्या तरी बाजूला बसवा." गुरुजी हसून म्हणाले की अहो, आता जागा भरपूर आहे, मूल कसं मोकळं बसतंय, अभ्यासाला बरंच की ते. अण्णा हात जोडून म्हणाले, "ऐसपैस नगं गुर्जी. दाटीनं बसू द्या." एवढं बोलून ते चारच्या गाडीने परत गेले. त्यांची दोन दिवसांची तोड बुडाली होती. मला एका मुलीशेजारी बसवलं गेलं. तिच्या डोक्याला करडईच्या तेलाचा वास यायचा आणि ती मला चिमटे काढायची. मी शाळा सोडली नाही. पुढे पुस्तकं वाचू लागले तेव्हा मला ही गोष्ट कधी आठवलीच तर थोडी विनोदी वाटायची. एवढ्या लांबून आलेला माणूस, आणि मागून काय मागितलं त्याने. मी माझ्या जिद्दीने शिकले असं मी धरून चालले होते. मुलाखतीत कुणी विचारलं तर तसंच सांगितलंही होतं.

घरी पोहोचले तेव्हा रोहिणी टेबलाशी होती. पाय वर. मी पर्स न ठेवताच विचारलं, कागदावर असं का लिहिलंस. तिने पेन खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे खुर्चीच्या कडेवर घट्ट धरले. माझ्या आवाजाला धार होती, ती मला ऐकू येत होती. मी म्हणाले की बाईंना काय वाटलं असेल, एका खोलीत चौघं राहतात ती मुलं जागा आहे असं लिहितात, तुला स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे. ती म्हणाली, "मला वाटलं खरं लिहायचं असतं." मी पर्स टेबलावर ठेवली. खरं लिहायची सवय तिला मीच लावली होती. बाहेर एक गाडी वळली, तिचा हॉर्न नेहमीच्या जागी वाजला. रोहिणीने रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, इथे पीठ होतं."

मला खरोखर कळलं नाही. मला वाटलं ती डब्याबद्दल, स्वयंपाकाबद्दल बोलतेय. तिने बोटाने खाली दाखवलं, टेबलाखाली, जिथे पाय टेकतात तिथे. मी म्हणाले, "अगं, ते केव्हाच पुसलं मी." ती म्हणाली, "तू पुसलंस. पण सांध्यात राहिलंय. अजून पांढरं आहे." मी विचारलं, भीती वाटते का तुला? आता मी मऊ झाले होते, पुस्तकातल्यासारखी. तिला माझा तो आवाज लगेच कळला आणि तिच्या कपाळावर आठी आली. ती म्हणाली, "भीती कशाला वाटेल? नानीआत्या म्हणाली ते मलापण खरं नाही वाटत. पाखरू वगैरे. पण मी पाय कसा ठेवू त्याच्यावर?" एवढं बोलून ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं आपण हिशेब चुकलेल्या माणसाला चूक दाखवून वाट बघतो.

मी खाली वाकले. टेबलाखाली गुडघ्यांवर बसायला माझं वय राहिलेलं नाही, तरी बसले. दोन फरशांच्या मधल्या सांध्यात पांढरी रेघ होती. सगळ्याच सांध्यांत असते तशी. पांढरं सिमेंट असेल. त्या रेघेवर बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. मी तसं सांगू शकले असते. दोन-अडीच महिने रोज मी या मुलीला अण्णांवर पाय ठेवायला सांगत होते, आणि ती रोज एकदा माझ्यासाठी ठेवत होती, मी पाठ वळवेपर्यंत. टेबलाखाली अंधार होता, लाकडाला अजून पॉलिशचा वास होता. तिथून मला तिची पावलं दिसत होती, खुर्चीच्या काठावर, एकावर एक ठेवलेली, अंगठे आत मुडपलेले. अण्णांचे अंगठे असेच होते, मोठे आणि बाजूला वळलेले. हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं. मी म्हणाले, "राहिलंय खरं थोडं." ती वरून म्हणाली, "म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बंकटला बोलावलं. टेबल बैठकीत न्यायचं होतं, आणि ते दारातून जात नव्हतं, कारण त्याने ते खोलीतच बसून जोडलं होतं. त्याने टेबल आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं, मग कंबरेवर हात ठेवून दाराकडे बघत राहिला. "ताई, चांगलं खिडकीपाशी उजेडात बसवलंय. कावून काढायलात?" मी काही सांगायच्या आत भागवत म्हणाला की तिला बैठकीत बसायचंय. बंकट म्हणाला, "मग माजी पोरगी धाडतो हितं खोलीत. घरात चार जण, एकाला पाठ टेकायला जागा न्हाई." रोहिणी फिसकन हसली. बंकट टेबलाचे पाय सोडवायला बसला. ठोकताना त्याने विचारलं, म्हातारबाबा इथंच गेले ना, आणि मी हो म्हटल्यावर त्याने हातोडी ठेवली, खाली फरशीला बोटं लावून कपाळाला लावली आणि पुन्हा कामाला लागला. एवढी साधी गोष्ट होती. हे त्याला एका क्षणात सुचलं, आणि मला इतक्या महिन्यांत कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हलकं वाटत होतं, जसं ताप उतरताना घाम येतो तसं.

टेबल बैठकीत दारालगत आलं. तिथे उजेड उजव्या हाताने येतो, समोरून येणारे-जाणारे दिसतात, टीव्ही हाताच्या अंतरावर. भागवतने विचारलं की मग मॅच कुठे बघायची. रोहिणी म्हणाली, "बघा ना, आवाज बंद करून. कोण आउट झालं ते मला मध्ये मध्ये सांगा." तो तिच्याकडे पाठ करून बसला आणि विकेट पडली की नुसतं बोट वर करू लागला. मीही खुर्ची घेऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. ग्रंथालयाची यादी तपासायची होती, ती घेतली. रोहिणीने अट घातली की बस, पण बोलायचं नाही, तू चुका काढतेस. मी कबूल केलं. दहा मिनिटं टिकले. मग तिने एक आकृती काढली, तिच्यातला बाण उलटा होता, आणि माझं बोट आपोआप पुढे गेलं. तिने वर बघितलं. भागवत टीव्हीकडे तोंड करूनच म्हणाला, "गेली विकेट." मी यादी उचलली आणि हसत उठले. कुणी मला हाकललं नव्हतं, पण जायची वेळ झाली होती हे मला कळलं.

मी त्या खोलीत गेले. टेबल गेल्यावर ती आधी होती त्याहून मोठी दिसत होती. भिंतीवर फळा होता, वेळापत्रक होतं, त्यातल्या रविवारच्या रकान्यात हिरव्या शाईने मी उजळणी असं लिहिलं होतं. खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं. मी तिथे बसले, मग आडवी झाले, उशी न घेता, फरशीला गाल लावून. डिसेंबर होता, पण तेवढा तुकडा उन्हाने उबदार झाला होता. अण्णा गेल्यापासून मी दिवसा कधी पाठ टेकली नव्हती. रात्रीही झोप म्हणजे उद्याच्या कामांची मोजणी असायची. आता मी त्यांचा विचार करावा म्हणून थांबून राहिले, आणि मोठं असं काही आलं नाही. त्यांचा कप विसळतानाचा आवाज आला. धोतराची चिकटी आली. मला त्यांना सांगायचं होतं की त्या दिवशी वर्गात मी तुमच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. ते मी मनात म्हणाले, आणि डोळ्यांतलं पाणी नाकाच्या बाजूने फरशीवर गेलं, फार थोडं, पुसावं लागेल इतकंही नाही.

बाहेर रोहिणी आता मोठ्याने पाठ करू लागली होती. गुरुत्वाकर्षणाचा धडा. तिचा आवाज दारातून नीट येत होता. ती म्हणाली की वजन सगळीकडे सारखंच असतं, पृथ्वीवर काय आणि चंद्रावर काय. चूक होती. तिने दोन शब्दांची अदलाबदल केली होती, दरवेळी करते. माझं तोंड उघडलं. नाव तिचं ओठांवर आलं. मी तशीच पडून राहिले, गाल फरशीवर दाबून, जणू उठून बसले तर आवाज आपोआप बाहेर पडेल. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच खात्रीने. मग थांबली. पान उलटल्याचा आवाज आला, परत मागे उलटल्याचा. भागवत काहीतरी म्हणाला, तिने त्याला शू केलं. पुष्कळ वेळ काहीच नाही. मी डोळे मिटले होते आणि मला झोप येत होती, खरी, हातापायांत उतरणारी. "अंहं," ती स्वतःशीच म्हणाली, "वस्तुमान सारखं असतं. वजन बदलतं." आणि पुढच्या ओळीला लागली. ती ओळ मी ऐकली नाही.